नसलेल्या भुजा

२३ जुलै १९७६ च्या ‘सायन्स’च्या अंकात ३१७ ते ३१९ अशा तीन पानांवर एक लेख आहे. लेखक एकटाच, स्टॉकहोमचा पेशीशास्त्रज्ञ बियॉर्न अफ्झेलियस. सिलिया, म्हणजे पेशींवरचे केसांसारखे हलणारे धागे, हलत नसल्यामुळे माणसाला होणारा हा एक विकार आहे, एवढंच शीर्षकात सांगितलेलं. तीनच दिवस आधी ‘व्हायकिंग-१’ हे यान मंगळावर उतरलं होतं, त्यामुळे त्या आठवड्यात या तीन पानांकडे किती वाचकांचं लक्ष गेलं असेल कोण जाणे. पुढे मात्र त्यांनी वैद्यकाच्या तीन वेगवेगळ्या खात्यांत खळबळ माजवली. मूल होत नाही म्हणून येणाऱ्या पुरुषांना तपासणारे, छातीच्या विकारांचे आणि गर्भाची वाढ अभ्यासणारे, अशी ती तीन खाती. एरवी या मंडळींची एकमेकांशी गाठ पडायचं काही कारण नसतं.

रसग्रहणाला आपण कविता घेतो, कथा घेतो. शास्त्रीय निबंध सहसा घेत नाही, कारण त्याची भाषा मुद्दाम कोरडी राखलेली असते. लेखक दिसू नये अशीच तिची घडण असते. पण कोरड्या भाषेतही बांधणी असते. कुठला तपशील आधी द्यायचा, कुठला राखून ठेवायचा, कुठे ठाम बोलायचं आणि कुठे नुसतं सुचवायचं, हे निर्णय लेखकालाच घ्यावे लागतात. अफ्झेलियसच्या लेखात हे निर्णय इतके नेमके आहेत की मला तो पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो.

लेखाची सुरुवात साधी आहे. चार पुरुष आहेत आणि त्यांचे शुक्राणू हलत नाहीत. नाट्य नाही, हळहळ नाही. पण ज्याला वीर्यतपासणीचा रिपोर्ट वाचायची सवय आहे, तो याच वाक्यापाशी थबकतो. शुक्राणू कमी असणं, मंद असणं, मृत असणं हे रोजचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत एकूण हालचालीची खालची मर्यादा ४२ टक्के धरली आहे. त्याखालचे आकडे प्रयोगशाळेत दररोज दिसतात. इथली गोष्ट निराळी होती. हे शुक्राणू जिवंत होते. इओसिनसारखा रंग टाकला की मेलेल्या पेशीच्या आवरणातून तो आत शिरतो आणि पेशी रंगते. जिवंत पेशी त्याला बाहेरच ठेवते. जिवंत असून एकही शेपूट वळवळत नाही, हा काही आजारपणाने आलेला थकवा नव्हे. यंत्रातच एखादा भाग बसवायचा राहिला असावा, अशी शंका येते.

ही शंका अफ्झेलियसलाच यावी याला मोठा पूर्वेतिहास आहे. लेखात तो फारसा दिसत नाही. पण तो माहीत असेल तर पहिला परिच्छेद वाचताना वेगळीच मजा येते.

१९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नवा होता आणि त्यातून जे दिसेल ते नवं होतं. लीड्समध्ये आयरीन मँटन आणि क्लार्क यांनी १९५२ मध्ये स्फॅग्नम शेवाळाच्या पुंपेशीच्या शेपटीत नऊ जोड्या आणि मधोमध दोन एकेकट्या अशी नलिकांची मांडणी दाखवली. पुढे तीच मांडणी माणसाच्या श्वासनलिकेत, शिंपल्याच्या कल्ल्यांत, पॅरामेशियमच्या अंगावर, जिथे जिथे म्हणून काही वळवळतं तिथे तिथे सापडत गेली. अफ्झेलियसने सी-अर्चिन या काटेरी समुद्रजीवाचे शुक्राणू घेतले. पेशीची रचना जशीच्या तशी गोठवण्यासाठी त्याने एक नवं द्रावण वापरलं आणि १९५९ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. नव्या द्रावणामुळे आधी पुसट दिसणाऱ्या गोष्टी स्पष्ट झाल्या. शेपटीच्या आडव्या छेदात बाहेरच्या नऊ जोड्यांपैकी प्रत्येक जोडीतल्या एकाच नलिकेला दोन छोट्या भुजा असतात, एक बाहेरच्या अंगाला, एक आतल्या अंगाला. नऊच्या नऊ जोड्यांच्या भुजा एकाच दिशेने वळलेल्या असतात. बुडाकडून टोकाकडे पाहिलं तर त्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने असतात. या वळणाला पुढे महत्त्व येणार आहे.

या भुजा करतात काय, हे त्या वेळी कुणाला ठाऊक नव्हतं. ते शोधून काढलं हार्वर्डमध्ये इयन गिबन्सने. टेट्राहायमिना या एकपेशीय जीवाच्या सिलिया त्याने सुट्या केल्या आणि योग्य द्रावणात ठेवल्या. भुजा गळून पडल्या आणि एटीपी जाळून ऊर्जा काढायची बरीचशी क्षमताही त्यांच्याबरोबर द्रावणात उतरली. ते द्रावण परत मिसळल्यावर भुजा जागच्या जागी जाऊन बसल्या. १९६५ मध्ये गिबन्स आणि आर्थर रो यांनी या प्रथिनाचं नाव ठेवलं डायनीन. १९७१ मध्ये समर्स आणि गिबन्स यांनी सी-अर्चिनच्याच शेपटीवर हेही दाखवलं की डायनीनच्या भुजा शेजारच्या जोडीला पकडून तिला सरकवतात. सरकण्याचं वळणं कसं होतं? एका कडेला शिवलेली वही हातात धरून वाकवली की मोकळ्या कडेची पानं एकमेकांवरून सरकतात. इथे तेच उलट्या क्रमाने घडतं. बूड बांधलेलं असल्याने सरकण्याला वाकण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

माणसाच्या शुक्राणूची शेपटी साधारण ५० मायक्रोमीटर लांब असते. बाहेरच्या भुजा दर २४ नॅनोमीटरला एक अशा लावलेल्या असतात. म्हणजे एका जोडीवर दोन हजारांच्या आसपास आणि नऊ जोड्यांवर मिळून अठरा-एकोणीस हजार, त्याही फक्त बाहेरच्या रांगेतल्या. पुरुषाच्या शरीरात रोज कोट्यवधी शुक्राणू तयार होतात आणि प्रत्येकात ही मांडणी पहिल्यापासून उभारावी लागते. डायनीनला रचनेचं प्रथिन म्हणावं की कामाचं, असा वाद घालता येईल. स्नायूतल्या मायोसिनबद्दलही तो घालता येतो. पण छेदात पाहणाऱ्याला ते आधी रचना म्हणूनच दिसतं. आहे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

१९७५ मध्ये अफ्झेलियस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हलत नसलेल्या मानवी शुक्राणूंत या भुजा नसतात असं छापलं. त्याच वर्षी डेन्मार्कच्या पेडरसन आणि रेबे यांनीही जवळजवळ हेच छापलं. म्हणजे १९७६ चा लेख लिहायला बसताना ‘शुक्राणूंत भुजा नाहीत’ ही बातमी शिळी झालेली होती. दुसऱ्या कुणी आणखी चार रुग्णांची भर घालून एक ठीकठाक लेख लिहिला असता आणि तो आज कुणाच्या लक्षातही नसता. अफ्झेलियसने बातमी हाच आरंभबिंदू केला आणि तिथून पुढे निघाला.

लेखातलं पहिलं वळण असं आहे. या चौघांपैकी तिघांना वारंवार ब्राँकायटिस आणि सायनसचा त्रास होत होता. वंध्यत्वाच्या फायलीत ही माहिती आली तरी कशी? बहुधा ‘पूर्वीचे आजार’ या रकान्यात. हा रकाना भरायचा म्हणून भरला जातो आणि पुढे कुणी वाचत नाही. ते वाचलं जाणं हाच अर्धा शोध आहे. कारण श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर सिलिया असतात. पाठ्यपुस्तकात आपण त्यांना पक्ष्माभिका म्हणून शिकलो. एकेका पेशीवर त्या दोनशेच्या आसपास असतात आणि सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून श्लेष्म्याचा थर घशाकडे ढकलत राहतात. धूळ, जंतू, सिगारेटची काजळी, सगळं त्या थराला चिकटून वर येतं आणि आपण नकळत ते गिळून टाकतो. सिलियाचा छेद घेतला तर तीच नऊ जोड्या आणि मधल्या दोन नलिकांची मांडणी दिसते, तशाच भुजांसकट. शुक्राणूच्या शेपटीत भुजा नाहीत, तर श्वासनलिकेत तरी त्या कुठून असणार?

हा तर्क ऐकायला सोपा आहे, पण तो तपासायचा कसा? इथे लेखात माझ्या मते सगळ्यात देखणी मोजणी येते. स्टॉकहोममध्येच पेर कामनरने श्वासनलिका किती वेगाने साफ होते ते मोजायची पद्धत बसवली होती. रुग्णाला टेफ्लॉनचे एकाच आकाराचे बारीक कण श्वासातून आत घ्यायला द्यायचे. कणांना किरणोत्सारी टेक्नेशियम चिकटवलेलं असतं. मग छातीवर डिटेक्टर ठेवून ते कण किती वेगाने कमी होतात ते मोजायचं. निरोगी माणसात ते सिलियांच्या वाहतुकीने वर येत राहतात. या तिघांत ती वाहतूकच नव्हती. खोकला आला तर कण हलत, नाही तर जागच्या जागी राहत. सूक्ष्मदर्शकाने दाखवलेली उणीव जिवंत छातीवर आकड्यांत दिसली. चित्र आणि आकडा दोन्हींनी एकच साक्ष दिली, आणि दोन्ही साक्षी एकमेकांपासून स्वतंत्र होत्या. गिबन्सने काचेच्या भांड्यात भुजा काढून घेतल्या होत्या आणि काय बिघडतं ते पाहिलं होतं. इथे भुजा जन्मतःच नव्हत्या आणि काय बिघडलं ते रुग्णांनी आयुष्यभर सोसलं होतं.

याच जागी लेखक आपलं विधान फार जपून करतो. पेशीला डायनीन बनवताच येत नसेल, किंवा बनवलेलं डायनीन नलिकेला चिकटत नसेल. दोन्ही शक्यता तो खुल्या ठेवतो, कारण छेदात दोन्ही सारख्याच दिसतात: रिकाम्या. दोष जनुकीय असावा, इतकंच म्हणून तो थांबतो. कुठलं जनुक, किती जनुकं, यावर अवाक्षर नाही. पुढे १९९९ मध्ये यातलं पहिलं जनुक सापडलं आणि आज अशी पन्नासाहून अधिक जनुकं ठाऊक आहेत. काहींच्या बिघाडात डायनीनचा घटकच चुकतो. काहींच्या बिघाडात पेशीच्या आत डायनीन जुळवणारे मदतनीस नसतात, आणि काहींच्या बिघाडात भुजा जिथे अडकवायची ती जागाच नसते. १९७६ मध्ये खुल्या ठेवलेल्या दोन्ही शक्यता आणि त्यांच्यामधल्या कितीतरी आणखी, सगळ्याच खऱ्या ठरल्या.

आतापर्यंत लेख सरळ रेषेत गेला आहे. शेपूट, मग श्वासनलिका. मग तो वळतो हृदयाकडे.

झुरिचच्या मानेस कार्टागेनरने १९३३ मध्ये एका त्रिकुटाचं वर्णन केलं होतं: जुनाट सायनस, फुफ्फुसातल्या नळ्या कायमच्या फुगून पू साठणं, आणि आतले अवयव आरशातल्यासारखे उलट असणं. हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे, अपेंडिक्स डाव्या कुशीत. कीव्हच्या सिव्हर्टने १९०४ मध्येच असा एक रुग्ण नोंदवला होता. चाळीसहून अधिक वर्षं हे त्रिकूट पुस्तकात होतं. परीक्षेत विचारलं जाई, छातीच्या एक्स-रेवर काळजाची सावली उजवीकडे दिसली की डॉक्टर त्याची आठवण काढत. पण हृदय उजवीकडे असण्याचा आणि नाक चोंदण्याचा संबंध काय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. 

अफ्झेलियसने सांगितलेला संबंध असा. वाढत्या गर्भातही सिलिया असतात. त्यांच्या हालचालीमुळे कुठला अवयव कुठल्या बाजूला जाणार हे ठरत असावं. त्या हलल्याच नाहीत तर बाजू ठरवणारं कुणी उरत नाही. मग डावं-उजवं निव्वळ योगायोगावर सोडलं जातं.

हे शेवटचं वाक्य लेखाचा गाभा आहे. त्याकडे नीट पाहायला हवं, कारण लेखाची सगळी प्रतिभा तिथे आहे. साधा विचार असा झाला असता: बिघडलेलं जनुक अवयव उलटे करतं. पण तसं असतं तर ज्यांच्यात हे जनुक बिघडलं त्या सगळ्यांचे अवयव उलटे असायला हवे होते. प्रत्यक्षात अशा रुग्णांपैकी साधारण निम्म्यांचेच अवयव उलटे असतात. एकाच कुटुंबातल्या दोन भावंडांना तोच खोकला, तेच सायनस, पण एकाचं हृदय डावीकडे आणि दुसऱ्याचं उजवीकडे, अशाही नोंदी होत्या. बाकी सगळ्यांना हे अर्धेपण अडचणीचं वाटत होतं. अफ्झेलियसने तेच पुराव्याला लावलं. निम्मे म्हणजे नाणेफेक. आणि नाणेफेक म्हणजे दोष उलटवत नाही, दोष निर्णय काढून घेतो. वैद्यकात कारण शोधताना आपण नेहमी काहीतरी करणारं शोधतो: जंतू, विष, गाठ. इथे कारण म्हणून पुढे येतं ते काहीतरी न करणं, आणि त्या न करण्याची खूण म्हणून आकडेवारीतला निम्मा भाग. चार माणसांच्या लेखात हे म्हणायला हिंमत लागते. त्याच्यापाशी गर्भ नव्हता, उंदीर नव्हता, गर्भातल्या सिलियांचं एकही चित्र नव्हतं. म्हणून तो ‘असावं’च्या पलीकडे गेला नाही. याहून जास्त जोर दिला असता तर ते बेजबाबदार झालं असतं, आणि कमी दिला असता तर लेख लिहिण्यात अर्थ नव्हता.

योगायोग म्हणजे त्याच वर्षी विल्यम लेटन याने उंदरांच्या एका जातीबद्दल असाच निष्कर्ष छापला. या जातीत १९५९ पासून माहीत असलेलं एक बदललेलं जनुक होतं आणि जनुक असलेल्या उंदरांपैकी निम्म्यांचे अवयव उलटे निघत. लेटनचं म्हणणं होतं की हे जनुक अवयव उलटवत नाही. बाजू ठरवण्याचा ताबाच त्यामुळे सुटतो, आणि ताबा सुटला की निकाल यदृच्छेने लागतो. एकाकडे उंदीर होते पण यंत्र कुठलं ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्याकडे यंत्र होतं पण उंदीर नव्हते. दोन्ही धागे जुळायला एकवीस वर्षं लागली. १९९७ मध्ये त्या उंदरांमधलं जनुक सापडलं, आणि ते निघालं सिलियांमधल्या डायनीनचं.

पुढच्याच वर्षी जपानमध्ये हिरोकावाच्या प्रयोगशाळेत नोनाका आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या सुमारे साडेसात-आठ दिवसांच्या गर्भाकडे पाहिलं. त्या वयाच्या गर्भात एक उथळ खळगा असतो आणि त्याच्या तळाशी प्रत्येक पेशीला एकेक सिलिया असते. ही सिलिया मधल्या दोन नलिकांशिवाय असते, त्यामुळे ती हलत नसावी असंच तोवर मानलं जाई. ती हलत होती, आणि मागेपुढे नव्हे तर गरागरा फिरत होती, वरून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने. मागच्या बाजूला कललेली असल्यामुळे या फिरण्यातून खळग्यातला द्रव डावीकडे वाहतो. ज्या उंदरांत या सिलियाच नव्हत्या त्यांच्यात प्रवाह नव्हता, आणि डावं-उजवं निव्वळ योगायोगाने ठरत होतं. २००२ मध्ये हामादाच्या गटाने पुढचा प्रयोग केला. गर्भाला बाहेरून यंत्राने द्रवाचा उलटा, उजवीकडे जाणारा प्रवाह दिला. अवयवांची बाजू उलटली.

आता १९५९ च्या त्या छेदाकडे परत पाहावं. नऊच्या नऊ जोड्यांच्या भुजा एकाच दिशेने वळलेल्या. सिलिया घड्याळाच्याच दिशेने फिरते याचं मूळ त्या वळणात आहे. रेणूलाच एक हात आहे. म्हणजे आपलं काळीज डावीकडे असण्याचा दाखला काही नॅनोमीटरच्या भुजेच्या वळणापर्यंत मागे नेता येतो. सतरा वर्षांच्या अंतराने लिहिलेले हे दोन लेख आहेत. पहिला समुद्रजीवाच्या शुक्राणूवर आणि दुसरा मूल नसलेल्या पुरुषांवर. दोन्हींवर एकाच माणसाचं नाव आहे. पहिला लिहिताना त्याला शेवट दिसत असणं शक्यच नव्हतं. अशा वेळी मूलभूत संशोधनाचे गोडवे गाण्याचा मोह होतो. मी तो आवरतो, कारण सी-अर्चिन पाहणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णवांच्या वाट्याला असा दुसरा लेख येत नाही.

लेखात खोट काढायला जागा आहे, आणि ती लेखाच्या नावातच आहे. ‘सिलिया हलत नाहीत’ असा हा आजार, म्हणून त्याला ‘इमोटाइल सिलिया सिंड्रोम’ म्हटलं जाऊ लागलं. थोड्याच वर्षांत लक्षात आलं की कित्येक रुग्णांच्या सिलिया हलतात, पण चुकीच्या: ताठरल्यासारख्या, गोल गोल, किंवा शेजारणीशी ताल न जुळवता. नाव बदललं. आज त्याला प्रायमरी सिलियरी डिस्कायनेशिया म्हणतात. दुसरी खोट पद्धतीची आहे. भुजा दिसत नाहीत म्हणजे आजार आहे, हे खरं. पण भुजा दिसतात म्हणजे आजार नाही, हे खरं नाही. लेटनच्या उंदरांमधल्या त्या डायनीन जनुकाचा माणसातला जोडीदार बिघडला तर छेदात सगळं जागच्या जागी दिसतं. भुजा हजर असतात, नलिका नऊ जोड्यांत नीट मांडलेल्या असतात, आणि रुग्ण मात्र खोकत असतो. अफ्झेलियसच्या सूक्ष्मदर्शकाने असा रुग्ण निरोगी ठरवला असता. अर्थात हा दोष त्याच्या लेखाचा नाही. ज्या साधनाने त्याला हे दाखवलं त्याच साधनाची ती मर्यादा आहे.

वंध्यत्वाच्या बाजूनेही चित्र गुंतागुंतीचं झालं. शुक्राणूची शेपटी म्हणजे नुसती लांबलेली सिलिया नव्हे. तिच्यात नलिकांभोवती दाट धाग्यांचे नऊ खांब असतात, त्यांच्याभोवती तंतूंचं आवरण असतं, मधल्या भागात मायटोकाँड्रियांची वेटोळी असतात. या प्रत्येकाची स्वतःची प्रथिनं आहेत आणि श्वासनलिकेला त्यांची गरज नाही. डीएनएएच-१ या डायनीन जनुकाच्या बिघाडात तर शेपट्या आखूड, गुंडाळलेल्या, कधी नसल्यासारख्याच असतात, पण अशा पुरुषांची श्वासनलिका ठीक असते. हे २०१४ मध्ये स्पष्ट झालं. उलटही घडतं. प्रायमरी सिलियरी डिस्कायनेशिया असलेल्या काही पुरुषांचे शुक्राणू बऱ्यापैकी पोहतात. १९७६ च्या लेखाने जो सुबक पूल बांधला, त्यावरून सगळेच ये-जा करत नाहीत.

आणि रुग्ण? तीन पानांत ते ‘पुरुष’ आणि ‘त्यांचे शुक्राणू’ इतकेच आहेत. मूल होत नाही हे त्यांना किती वर्षं सोसावं लागलं, त्या काळात तपासण्या कुणाच्या झाल्या, बायकोला काय काय ऐकून घ्यावं लागलं, हे शास्त्रीय लेखात येत नाही आणि येऊही नये. पण आपल्याकडचा वाचक ते गृहीत धरूनच वाचतो. मूल नाही म्हटलं की आपल्या घरांत पहिली तपासणी बाईची होते. वर्षभर तिच्या गोळ्या, तिची सोनोग्राफी, तिचे उपास. नवऱ्याची वीर्यतपासणी सगळ्यात शेवटी, तीही ‘फॉर्मॅलिटी’ म्हणून. आणि खोकल्याची गोष्ट तर आणखी जुनी. लहानपणापासून नाक वाहणारं, खोकणारं पोर आपल्याकडे आधी ‘सर्दीचा कोठा’ म्हणून सोडून दिलं जातं आणि मोठेपणी क्षयाची औषधं घेत फिरतं. चाळिशीत फुफ्फुसाच्या खालच्या भागातल्या नळ्या फुगलेल्या सापडतात. त्या वेळी त्याला ‘मुलं किती?’ असं विचारलं तर ते डॉक्टरनेच विचारलं पाहिजे, कारण ते स्वतःहून सांगितलं जात नाही.

अफ्झेलियसच्या लेखात उपचाराचा शब्द नाही, कारण तेव्हा उपचार नव्हता. १९९२ मध्ये ब्रुसेल्समध्ये पालेर्मो आणि सहकाऱ्यांनी एकच शुक्राणू बारीक सुईने सरळ बीजांडात सोडायची पद्धत, म्हणजे इक्सी, मानवी गर्भधारणेपर्यंत नेली आणि शेपटीचं कामच संपलं. भुजा नसलेल्या शुक्राणूंनीही बाप होता येतं, हे पुढच्या काही वर्षांत सिद्ध झालं. एकच अडचण उरली: एकही शुक्राणू हलत नसताना जिवंत कोणता ते ओळखायचं कसं? इओसिन लावला तर शुक्राणू वापरता येत नाही. मग त्यांना पातळ द्रावणात ठेवतात. जिवंत पेशीचं आवरण शाबूत असतं, त्यातून पाणी आत शिरतं आणि शेपूट फुगून टोकाला गुंडाळतं. मेलेल्याची शेपटी जशीच्या तशी राहते. गर्भतज्ज्ञ गुंडाळलेल्या शेपटीचा शुक्राणू निवडतो.

बाळाला या उपचारातून आजार मिळतो का, हा प्रश्न जोडपी विचारतात. बहुतेक जनुकांच्या बाबतीत बापाकडून एक बिघडलेली प्रत बाळाकडे नक्की जाते, पण आजारासाठी दोन लागतात. आईची प्रत चांगली असली तर बाळ केवळ वाहक होतं, निरोगी राहतं. म्हणून नात्यात लग्न झालेलं असेल तर काळजी वेगळी. ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई समाजात, जिथे चुलत-मावस भावंडांची लग्नं होतात, तिथे हा आजार इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळला आहे. आपल्याकडेही मामेबहिणीशी किंवा आतेबहिणीशी लग्न व्हायची रीत अनेक समाजांत आहे. अशा जोडप्याच्या बाबतीत पत्नीचीही जनुकतपासणी इक्सीच्या आधी करायची असते, आणि समुपदेशकाच्या कागदावर पहिला प्रश्न असतो तो नवरा-बायकोच्या आधीच्या नात्याचा.